दोन गावांचा कॅन

मित्रांनो, हॅडनच्या शाळेत व्यायामशाळेच्या मागे सामानाची एक खोली आहे. तिथे फरशी पुसायचे ओले मॉप ज्यात उभे करून ठेवतात, तो दुधाचा जुना कॅन म्हणजे मी. जवळ येऊन पाहिलंत तर माझ्या अंगावर रंगवलेले आकडे दिसतील. ते कसले, तेवढं ऐकून घ्या.

हॅडन आणि मिलर्स बेंड या दोन गावांच्या मध्ये एक गोठा होता. तिथे मी वीस वर्षं दूध वाहिलं. पुढे टँकर आले आणि मी कोपऱ्यात पडलो. गोठ्याच्या मालकाची मुलगी एका शाळेकडून बास्केटबॉल खेळायची, पुतणी दुसरीकडून. जेवताना रोज दोघींची जुंपायची. एकदा वैतागून तो म्हणाला, "जी जिंकेल तिनं हा कॅन न्यावा, पण मला दोन घास सुखानं खाऊ द्या." असा मी बक्षीस झालो.

मग प्रथाच पडली. जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी सामना व्हायचा. हरलेल्या गावानं मला आठवडाभर घरी न्यायचं. त्यांच्या कर्णधार मुलीनं स्वतःच्या हातानं माझ्यावर निकाल रंगवायचा. मग मला चिलीनं, म्हणजे खिमा-राजम्याच्या कढत कालवणानं, काठोकाठ भरून जिंकलेल्या गावाला वाढायचं, सोबत दालचिनीचे गोड रोल. नंतर वर्षभर मी जिंकलेल्यांकडेच राहायचो. त्या दिवशी दोन्ही गावं एकाच लांब टेबलावर जेवत. दोन्हीकडचे लोक मला 'आमचा कॅन' म्हणत.

हॅडन वाढत गेलं. मिलर्स बेंडच्या शाळेत मात्र एक्केचाळीस मुलं उरली. संघात सहा मुली. दोघींना ताप आला की चौघीच खेळायच्या. अकरा वर्षं त्या सलग हरल्या. शेवटचे तीन निकाल डेलेनी ह्रुस्का या कर्णधार मुलीनं रंगवले. तिसरा होता ७१–१८. एकदा तरी हा ब्रश हॅडनच्या मुलीच्या हातात द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं, आणि शाळेचं तिचं एकच वर्ष उरलं होतं.

त्याच आठवड्यात राज्यानं सगळ्या शाळांचं मत मागवलं: लहान शाळांनी आपसांत खेळावं म्हणून स्पर्धेत आणखी एक गट करावा का? मिलर्स बेंडच्या जेवणघरात सभा भरली. मी स्वयंपाकाच्या ओट्यावरून ऐकत होतो.

"अकरा वर्षं त्यांना वाढतोय आपण," डेलेनीचे काका आर्लिन म्हणाले. "आता जरा बसून जेवू या की."

"काका, तुम्ही कधी वाढलंत? तुम्ही नुसतं मीठ कमी आहे म्हणता," डेलेनी म्हणाली. लोक हसले. मग तिनं विचारलं, "पण कोच, नवा गट झाला तर हॅडनशी सामना राहील ना?"

"न राहायला काय झालं?" कोच व्होबोरिल म्हणाल्या. "गट बदलला म्हणून गाव थोडंच हलतंय."

त्यांनी नव्या गटाच्या बाजूनं मत दिलं. हॅडननंही तेच दिलं. नवा गट झाला, आणि पुढच्याच हंगामात मिलर्स बेंडच्या मुली पहिल्यांदाच राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. मला मनापासून आनंद झाला.

फक्त एक गोष्ट राहून गेली. पूर्वी हा सामना वेळापत्रकातच असायचा. आता तो हवा असेल, तर कोणीतरी फोन करायला हवा होता. जानेवारीतला दुसरा शुक्रवार आला. मी हॅडनच्या व्यायामशाळेच्या दारापाशी काचेच्या कपाटात वाट पाहत होतो. आतले दिवे लागले, हॅडनच्या मुलींनी सराव केला आणि त्या घरी गेल्या. पुढे नव्या चषकांना जागा हवी म्हणून मला इथे आणलं.

मे महिन्यात धावण्याच्या स्पर्धेसाठी डेलेनी हॅडनला आली. मला शोधत शोधत या खोलीत पोहोचली. मागून हॅडनचे कोच लिंडग्रेन आले.

"डिसेंबरपर्यंत आम्ही तो शुक्रवार मोकळा ठेवला होता," ते म्हणाले. "वाटलं, तुमचा फोन येईल. आपणहून बोलवावं तर तुम्हाला वाटायचं, कसेबसे सुटलो तर हे पुन्हा बडवायला बोलावतायत."

"आम्हीही ठेवला होता मोकळा," डेलेनी म्हणाली. "आमच्या कोच म्हणाल्या, लहान गटात जायचं आणि वर त्यांनाच गळ घालायची, बरं दिसत नाही."

लिंडग्रेन यांनी खोलीतला दिवा लावला.

"या वर्षी आम्ही जिंकलो असतो," ती म्हणाली.

"हो. मलाही तसंच वाटतं. घेऊन जा त्याला."

"न खेळता?"

तिनं मॉप बाजूला काढले, बाहीनं माझं अंग पुसलं, ते आकडे वाचले. मग एकेक मॉप पुन्हा माझ्यात ठेवला आणि ती गेली. आता नव्या मुली मला पाहून विचारतात, हा डबा कुणाचा? आणि त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, नवा गट करणं चूक नव्हतं. कोणी कुणाचं वाईटही चिंतलं नव्हतं. समोरच्याला अवघड वाटेल म्हणून दोघांनीही फोन केला नाही, एवढंच. तुम्ही असं करू नका. अवघड वाटेल की नाही, हे समोरच्यालाच ठरवू द्या. मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल, पण आपल्या माणसांना बोलावायचं राहिलं असेल, तर आजच बोलवा. हॅडननं आता बोलावलं, तर मिलर्स बेंडच्या मुली येतीलही. त्यांच्यात डेलेनी नसेल.