बैलाचा रंग लागलेली मोटार

मी गुंडेरावांच्या आवारातली मोटार बोलतेय. हळ्ळीखेडात कुणालाही विचारा, उघडी गाडी कुठं उभी असते म्हणून. विचारणाऱ्याला लोक थेट फाटकापर्यंत आणून सोडतात, आणि सोडून परत जात नाहीत, बघत उभे राहतात. माझ्या डोक्यावर टप नाही, बसायला जागा दोघांचीच, आणि नाक एवढं लांब की बॉनेट संपता संपत नाही. आज मला बोलायची घाई आहे. उद्या सकाळी भंगारवाल्याचा टेंपो यायचाय, आणि त्यात गॅसकटर असतो.

जन्म माझा विलायतेतला. शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा पत्रा हातानं ठोकून वळवला. रंग दिला गडद हिरवा, तुरीच्या पानासारखा. जहाजातून मुंबईला उतरले आणि हैदराबादच्या एका जागीरदाराच्या घरी गेले. जागीरदार साहेब मला तलावाच्या कडेनं भरधाव पळवायचे आणि घरी आल्यावर नोकरांवर ओरडायचे, गाडीला एवढी धूळ लागलीच कशी म्हणून. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. धूळ आपण उडवायची आणि पुसायला दुसरा.

जागीरदारी गेली, मग मीही गेले. गुंडेरावांचे वडील बंडेप्पा तुरीचे व्यापारी. हैदराबादला डाळ पोचवायला गेले आणि येताना मला घेऊन आले. त्यांच्या आईनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आरं बंड्या, हिच्यात पोतं कुटं ठिवायचं?"

पोतं कुठंच ठेवता येत नव्हतं. तरी बंडेप्पांनी मला ठेवून घेतलं. गुंडेराव गाडी शिकले ते माझ्यावरच. राजूबाई ठाणाकुशनूरहून लग्न होऊन आल्या त्याही माझ्यातूनच. वाटेत वाऱ्यानं नवऱ्याचं बाशिंग उडालं आणि ते शोधायला अख्खं वऱ्हाड ज्वारीत शिरलं.

मग क्लच गेला. "सामान आलं की करू," म्हणाले. सामान आलं नाही. चाकं जमिनीत बसली, इंजिन जाम झालं. मी गाडी होते, ती ठेवायची जागा झाले. शेवटी पोत्यांना माझ्यात जागा मिळालीच! बॉनेटवर राजूबाई कुरडया वाळत घालायच्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कुरडया वाळेपर्यंत त्या माझ्या मडगार्डला टेकून बसायच्या, शेजारच्या नेत्रावती अक्का भिंतीवरून मान काढायच्या, आणि कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मागितली, कुणाचा जावई न जेवता उठून गेला, ते सगळं मला घरबसल्या कळायचं.

आता शिवराजला, म्हणजे गुंडेरावांच्या मुलाला, आवारात डाळीच्या यंत्रासाठी शेड घालायचंय. त्याचं काही चुकत नाही. मी मधोमध उभी.

"अप्पा, ह्या लोखंडाला अजून कितींदा राखायलाव?" तो म्हणाला. "भंगारवाला न्यायला तयार हाय."

"कापून न्हेणार त्यो," गुंडेराव म्हणाले. "गिऱ्हाईक बगायलोय मी. चालवणारं गिऱ्हाईक. जरा थांब."

गिऱ्हाईक मिळालं. कलबुर्गीच्या कॉलेजातले श्रीवत्स सर. जुन्या, टाकून दिलेल्या गाड्या घ्यायच्या आणि त्या परत उभ्या करायच्या, हे त्यांचं वेड. त्यांनी फोनवर सांगितलं, "रविवारी गाडी बघायला येतो."

'बघायला येतो' हा शब्दच घात करून गेला.

आमच्याकडं जनावर बघायला कुणी येणार म्हटलं की मालक ते तसंच पुढं करत नाही. धुतो, शिंगं साळतो, रंगवतो. तसं नाही केलं तर जनावराचा अपमान, आणि येणाऱ्याचाही. कारहुणवी होऊन गेली होती. ज्येष्ठाच्या पुनवेला इकडं बैल सजवतात, त्या रंगाचे डबे घरात उरले होते. गुंडेरावांनी ते काढले. बॉनेटला पिवळा, मडगार्डांना गुलाबी, दिव्यांच्या कड्यांना तांबडा. विलायतेचा तो हिरवा, जो ऊन खाऊन खाऊन विटला होता पण खरा होता, पार बुडाला. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ओल लागू नये म्हणून ते उताणे माझ्याखाली शिरले आणि सांगाड्याला जाड डांबर फासलं.

कंबर धरून धरून फासत होते. मधेच हात थांबवून म्हणायचे, "आता चांगल्या घरी जातीस बग, बाई." मी काय सांगू त्यांना? मला तोंड असतं तर मी म्हणाले असते, गुंडेराव, डबा खाली ठेवा, गंजानं नाही मरणार, ह्या मायेनं मरेन.

आज रविवार. सकाळीच सर आले. संगती त्यांची बायको संपदा. फाटकातून आत आल्या आल्या सरांचं तोंड उतरलं, आणि संपदाताई तोंडावर पदर धरून हसल्या.

"काय हो, गाडी बघायला आलो का नंदीबैल?"

"संपदा!"

"बरं, नाही बोलत. पण आधीच सांगते. घरी दोन उभ्या आहेत. एकीत मांजर व्यालीय, दुसरीला चाकं नाहीत."

"ही शेवटची."

"मागची पण शेवटचीच होती."

राजूबाईंना बाई आवडल्या. त्यांनी चहा टाकला.

सरांनी मला नीट पाहिलं. दार उघडलं, बिजागरी हलवून पाहिली, स्टिअरिंगवर हात ठेवला. तो हात मी ओळखला, चालवणाऱ्याचा होता. ते बायकोला समजावून सांगायला लागले. मी चाकाच्या नटापर्यंत कान केले.

"वरचा रंग गेला तर गेला, काढता येईल. इंजिन जाम आहे, तेही उघडता येतं. गाद्या नव्या शिवता येतात. सांगाडा गंजला असेल तर मात्र काही खरं नाही. वर कितीही करा, मढ्याला शालू."

संपदाताईंनी बोटानं माझ्या दाराची वळलेली कड चाचपली. "दिसायला देखणी असेल ही," त्या म्हणाल्या. "सांगाडा बघा. चांगला निघाला तर घ्या, मी आडवी येणार नाही. पण घरातली एक विकायची. आणि हिच्यातून मला फिरवायचं, नुसती उभी करायची नाही."

असं माझ्याविषयी कुणी कधी बोललं नव्हतं. सांगाडा माझा ठणठणीत आहे. मला ठाऊक आहे. ह्या कोरड्या काळ्या मातीवर, पोत्यांखाली झाकून राहिलेलं हाड आहे ते. बघा, सर. लवकर बघा.

सर टॉर्च घेऊन खाली शिरले. लगेच त्यांचा आवाज आला, "डांबर?"

"व्हय सर, लई पक्कं लावलंय," गुंडेराव अभिमानानं म्हणाले.

खिशातली किल्ली काढून सर एका कोपऱ्यात खरवडायला लागले. तसे गुंडेराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी सरांचा हात धरला. "सर, सर! खरवडू नका. कालच लावलंय, अजून ओलं हाय."

"थोडंसंच. आतलं लोखंड बघायचंय."

"वाळू द्या की. नवं काम हाय, कामून खराब करायलाव?"

सजवलेल्या बैलाच्या शिंगाला कुणी नख लावलं तर मालक जसा धावतो, तसे ते धावले होते. एवढंच होतं ते. पण सर बाहेर आले, हात झटकले, आणि त्यांची नजर बदललेली मला दिसली.

"खाली काय आहे, गुंडेराव?"

"खाली? खाली गाडी हाय, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं जमिनीकडं. "कळवतो," सर म्हणाले.

ओठाला लागलेला चहा तसाच ठेवून ते गेले.

गुंडेराव फाटकात उभे. "चा पण पिला न्हाई. काय झालं गं?"

राजूबाईंनी कप उचलले. "तुमी हात धरलाव त्यायचा. त्यायला वाटलं, तुमी आतला गंज लपवायलाव."

"मी?" त्यांना कळायला वेळ लागला. "मी लपवायलोय? मला लबाड समजून गेला त्यो?"

"मग फोन करा की. सांगा, येऊन खरवडा म्हणून."

"न्हाई. बंडेप्पाच्या पोराला लबाड म्हणायचं, आन् मीच फोन करायचा?"

"तोंडानं कुटं म्हणले ते?"

"चा ठिवून गेला, अजून काय म्हणायचं ऱ्हायलं?"

शिवराजनं लगेच भंगारवाल्याला फोन केला, तो उद्या सकाळी येतो म्हणाला. गुंडेरावांनी तणाचं खुरपं घेतलं आणि माझ्याखाली शिरले.

दुपार उतरेपर्यंत ते डांबर काढत राहिले. खुरपं दगडावर घासायचे, परत शिरायचे. डांबर लोंबत निघत होतं, त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर पडत होतं. आणि मग आतलं लोखंड दिसलं. काळंनिळं, गुळगुळीत, कारखान्यातून आलं तसं. एक खड्डा नाही, एक पापुद्रा नाही.

"शिवराजची माय, हिकडं ये! बग. हाय का गंज? सांग, हाय का कुटं?"

राजूबाई वाकल्या, बघितलं. "मला कामून दावायलाव? त्यायला दावा."

ते माझ्याखाली तसेच पडून राहिले. फोन त्यांच्या खिशात होता. मी त्यांच्या छातीपासून वीतभर वर होते, माझ्यानं जे होईल ते सगळं केलं. म्हणजे काहीच नाही. ते उठले, हात धुतले, आत गेले.

आता माझं हाड उघडं पडलंय. उद्या भंगारवाला वाकून बघेल आणि खूश होईल, लोखंड चांगलं आहे म्हणेल. माझा सांगाडा पसंत करणारा तो एकटाच निघाला.

म्हणून तुम्हाला हात जोडते. हळ्ळीखेडहून कलबुर्गी लांब नाही. श्रीवत्स सरांना तुमच्यापैकी कुणी ओळखत असाल तर आजच सांगा, टेंपोच्या आधी या म्हणावं, आणि खुशाल खरवडा. त्यांना यायला उशीर झाला, मी कापली गेले, तरीही सांगायचं सोडू नका. डांबराखाली गुंडेरावांनी काहीच लपवलं नव्हतं. तो माणूस आज घरात भिंतीकडं तोंड करून बसलाय.