उंबराखालची जागा

धामणवेळ गावात पाणी कुठे आहे हे लालबागला ठरलं. मधे तीनशे मैलांचं अंतर होतं, पण त्याची अडचण कोणालाच वाटली नाही.

लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, धामणवेळकरांची गावकीची खोली होती. गिरणीत कामाला असलेले गावचे वीस-बावीस पुरुष तिथे पाळीपाळीने झोपत. भिंतीकडेला प्रत्येकाची एक ट्रंक, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथेच ग्रामविकास मंडळाची सभा. त्या वर्षी सभा वेळेवर सुरू होत नसे, कारण आधी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या गप्पा. कोण फाउंटनपर्यंत गेला, कोणाच्या पाठीत लाठी बसली, कोण नुसताच ओरडून घसा बसवून आला. आपल्याला विचारल्याशिवाय आपल्या मुंबईचं दिल्लीने काही ठरवायचं नाही, यावर खोलीत एकमत होतं. ते झालं की भिंतीवर घोषणा लिहून उरलेला खडू तात्या खिशातून काढत आणि फरशीवर गाव काढायला बसत.

तात्या गिरणीत माणसं कामाला लावणारे जॉबर होते, मंडळाचे अध्यक्ष होते, आणि गावाचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. नदी, देऊळ, वरची वाडी, खालची वाडी, सगळं झरझर काढत. गणपती नुकतेच झाले होते. महिनाभरापूर्वीच सगळे गावाहून आले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तेच गाव होतं, हिरवंगार, पावलापावलाला झरा फुटलेलं. देवळामागच्या पायवाटेवर तर घोट्याएवढं पाणी वाहत होतं. विहीर तिथेच खणायची, तात्यांनी देवळामागे एक गोल काढला आणि माना हलल्या.

धोंडूची मान तेवढी हलली नाही. धोंडू साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा, मंडळाचा चिटणीस होता, कारण त्याचं अक्षर बरं होतं. त्याची बायको शांता आणि चार वर्षांची मुलगी कांता गावी राहत. गणपतीच्या सुटीच्या शेवटच्या दिवशी शांता त्याला खालच्या वाडीच्या टोकाला घेऊन गेली होती, एका म्हाताऱ्या उंबराखाली.

"पाणी हय आसा," ती म्हणाली होती. "वैशाखात सगळा सुकता, तरी हयची माती थंड लागता. हात लावन बघा."

धोंडूने हात लावला नव्हता. भादव्यात सगळीकडचीच माती ओली, हात कशाला लावायचा? शांता मात्र सांगत राहिली. उन्हाळ्यात गावच्या बायका नदीच्या वाळूत खड्डा खणतात, करवंटीने पाणी उपसतात, एक हंडा भरायला अर्धी सकाळ जाते. वरच्या अंगाला माणसं परसाकडला बसतात, गुरं डुंबतात, तेच खाली झिरपून खड्ड्यात येतं. गेल्या उन्हाळ्यात पटकीच्या जुलाब-उलट्यांनी दोन पोरं गेली. विहीर उंबराखाली खणा, आणि माणसांना बसायला नदीपासून लांब जागा करा, एवढंच तुमच्या सभेत सांगा.

"माझा नाव घेव नकात," ती म्हणाली. "तुमचाच म्हणान सांगा."

आता ती वेळ आली होती. नदीकाठी बसण्याची गोष्ट तर चार पुरुषांत काढायची म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ती त्याने गिळूनच टाकली. पण विहिरीचं त्याने काढलं. "तात्यानू, त्या खालच्या उंबराकडे बघितला तर? तिथे उन्हाळ्यात पण माती थंड असता."

"तू उन्हाळ्यात कधी गेलंस रे गावाक?" बुधाजी म्हणाला. बुधाजीला कोणाची फिरकी घेतल्याशिवाय चहा गोड लागत नसे. "वयनीन सांगल्यान वाटता."

खोली हसली. तात्या हसले. अशा वेळी माणूस जे करतो तेच धोंडूनेही केलं. तोही हसला. मग त्याने इतिवृत्तात आपल्या बऱ्या अक्षरात लिहिलं, विहीर देवळामागे, सर्वानुमते.

विहीर खणायची ती वैशाखात, पाणी सगळ्यात खोल गेलेलं असताना, हे गावातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण मंडळाला शिमग्यात उद्घाटन करायचं होतं. मार्गशीर्षात खणायला घेतली, पौषात पंधरा हातांवर पाणी लागलं, आणि पाणी लागलं म्हटल्यावर पुढे कोण खणतो? जांभ्या दगडाने बांधून काढली. शिमग्याला सगळे गेले, नारळ फुटला, अध्यक्ष आणि चिटणीस यांची नावं कोरलेली फरशी बसली, तिच्यापुढे उभं राहून फोटो निघाला. शांता गर्दीच्या मागे कांताला कडेवर घेऊन उभी होती. धोंडूला ती दिसली आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली.

फोटो चौकटीत बसून लालबागच्या खोलीत लागला. चैत्र संपता संपता शांताने शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. विहिरीत चिखल राहिला आहे. बायका पुन्हा नदीवर जातात. कांताही माझ्याबरोबर येते, ऐकत नाही. मंडळाला काही करता आलं तर बघा.

मंडळाला सांगायचं म्हणजे त्या फोटोखाली उभं राहून सांगायचं. सभेच्या रविवारी सांगू, असं म्हणत धोंडूने कार्ड ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. तो रविवार आला तेव्हा मोर्च्याची तयारी होती, सगळे घाईत होते. धोंडूला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. पुढे जन्मभर त्याला सगळ्यात जास्त छळलं ते याच गोष्टीने.

दुसरं कार्ड वैशाखात आलं. गावात पटकी आली आहे. कांता सोमवारी दुपारी गेली.

तो गावी पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. शांताने त्याच्यापुढे पाय धुवायला पाणी ठेवलं आणि ती आत गेली. एक शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला होऊन गेलं. तिसऱ्या दिवशी तो एकटाच खालच्या वाडीच्या टोकाला गेला. भोवतालची शेतं भाजून भेगाळली होती, उंबर तेवढा हिरवा होता. त्याने खाली बसून मातीला हात लावला. माती गार होती.

ज्येष्ठातल्या सभेला तो लालबागला हजर होता. त्या दिवशी मोर्च्याच्या गप्पा निघाल्या नाहीत. गावात कांतासकट तीन मुलं गेली होती, सगळे खाली माना घालून बसले होते. तात्यांनी खडू काढला, गाव काढलं, देवळामागे गोल काढला.

"आणखी दहा हात खाली जाव या," बुधाजी हळूच म्हणाला. "पाणी लागात."

धोंडू उठला. त्याने तळहाताने तो गोल पुसला. खडू तात्यांच्या हातातून घेतला आणि खालच्या वाडीच्या टोकाला दुसरा गोल काढला. गोल वाकडा आला.

"पाणी हय आसा," तो म्हणाला. "शांतान सांगितलेला. भादव्यात. आणि नदीवर बसाक जातत ता बंद करा, ह्या पण तिनाच सांगितलेला. ता तर मी तोंडातूनच काढलंय नाय. विहीर सुकली म्हणान तिचा कार्ड इला, ता पण मी ट्रंकेत ठेवलंय."

तात्यांनी त्या वाकड्या गोलाकडे बघितलं. "अरे, मग विहिरीचा तरी तेव्हा नीट सांगूचा नाय?" ते म्हणाले. "धरून बसाचा. भांडाचा आमच्याशी."

"सांगलेलंय तात्यानू," धोंडू म्हणाला. "तुमी हसलात. मग मी पण हसलंय."

त्या दिवशी खोलीत कोणी हसलं नाही.