सुरी थांबली पाहिजे

भयकथांच्या मासिकाचे संपादक स्वतः पालीला घाबरत, पण ते असो. मासिक जोरात खपत होतं आणि ते बायकोच्या जिवावर खपत होतं, हे मात्र ते चारचौघांत कबूल करत नसत.

बायको ऑपरेशन थिएटरात नर्स. रक्त, किंकाळ्या, मध्येच उठून बसणारा रोगी, कशाचंच तिला काडीचं कौतुक नव्हतं. संध्याकाळी ती भाजी चिरायला बसली की संपादक समोर बसून आलेल्या कथा वाचून दाखवत. तिची सुरी थांबली तर कथा छापायची, नाहीतर साभार परत. भल्याभल्या लेखकांची हस्तलिखितं त्या सुरीखालून गेली होती.

खुद्द संपादकांच्या कथेला मात्र ती एकदाही थांबली नव्हती. लग्नाआधी त्यांनी भयकथा लिहून चांगलं नाव कमावलं होतं. पण नियम तो नियम, म्हणून मासिकात स्वतःची एक ओळही छापली नाही. आणि आता वर्धापनदिनाच्या अंकात 'संपादकांची नवी कथा' अशी जाहिरात ते भरात देऊन बसले होते. छापखानेवाला रोज फोन करून डोकं खात होता. आपल्याला अजून जमतं का, या धास्तीनं त्यांना जेवण गोड लागेना.

पहिली कथा तळघराची. गाजरं चिरून झाली. दुसरीत प्रेतांची अख्खी पलटण होती. कोबी संपला, वर बायकोनं जांभई दिली.

"अगं, निदान दचकल्याचं नाटक तरी कर!"

"कशाला दचकू? तुमच्या कथेत शेवटी सगळे सुखरूप घरी येतात. तुम्हाला कुणाला मारवतच नाही. अहो, तुम्हाला ज्याची खरी भीती वाटते ते लिहा की."

"मला कसलीही भीती वाटत नाही."

"हो का? मग परवा कपाटावर कोण चढलं होतं?"

संपादक फुगून बसले, आणि मग लिहायला बसले.

तिसरी कथा अगदी छोटी होती. त्यांनी ती वाचायला घेतली. एक बाई रोज संध्याकाळी दोन कप चहा करते. नवरा समोर बसून दिवसभराच्या गमती सांगतो, ती पोट धरून हसते. मग ती कप धुवायला उचलते, तर त्याचा काठोकाठ भरलेला. रोजच.

सुरी थांबली होती. संपादकांना नाचावंसं वाटलं, पण बायकोचा चेहरा पाहून ते जागच्या जागी बसून राहिले.

"जमली?" त्यांनी हळूच विचारलं.

ती उठली. तिनं चहा टाकला, गाळला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"छापा," ती म्हणाली. "पण आधी हा प्या. माझ्यादेखत. सगळा."

चहा चांगलाच कढत होता. संपादकांनी जीभ भाजत तो एका दमात संपवला आणि कप उपडा करून तिला दाखवला.