तुळसाशेजारची जागा

देवावर माझा विश्वास नाही, ही गोष्ट रत्नागिरीत दोघांनाच ठाऊक होती. एक मी आणि दुसरी माझी बायको तुळसा. ती गेली आणि मी एकटाच उरलो. बाकी गावाच्या लेखी मी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेला इतिहासाचा मास्तर, जरा तिरसट, पण रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर न चुकता बसणारा ख्रिस्ती.

बसायचो ते तुळसासाठी. चर्चमागच्या कबरस्तानात तिच्या शेजारची जागा मंडळीनं माझ्यासाठी राखून ठेवली होती. मेल्यावर पुढे काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी पडायचं ते तिच्याच शेजारी, हा माझा हट्टही तेवढाच पक्का. याला तर्क नाही. नसू दे.

आमचं घराणं ख्रिस्ती झालं तेही काही विश्वासानं नव्हे, पेजेनं. माझा बाप भिकाजी चिपळूणकडचा कुणबी. पोरवयात तापानं फणफणून रस्त्याकडेला पडला होता, तेव्हा मिशनच्या साहेबानं उचलून नेलं आणि आपल्या हातानं पेज पाजली. बरा होऊन गावी परतला तर पंगतीतून उठवला, विहिरीवर चढू देईनात. येशूचं नाव तोवर त्याला धड घेताही येत नव्हतं. पण साहेब म्हणाला ये आणि गाव म्हणालं जा. बाप साहेबाकडे गेला.

शाळेत मी रोमचा इतिहास शिकवायचो. पहिल्या ख्रिस्ती लोकांना बादशहाच्या माणसांचं सांगणं एवढंच असायचं, की देवतेपुढच्या विस्तवावर चिमूटभर धूप टाका आणि सुखानं घरी जा. मनात काय आहे ते कोणी विचारत नव्हतं. तरी काही लोक जीव द्यायचे, पण धूप टाकायचे नाहीत. त्यांचा देव मला कधी पटला नाही, माणसं मात्र फार आवडायची. पुढे कॉन्स्टंटाइन बादशहानं त्यांच्याच ख्रिस्ताचं चिन्ह लढाईच्या निशाणावर चढवलं, आणि काही पिढ्यांत छळ सोसलेल्यांचेच वारस दुसऱ्यांची देवळं पाडायला लागले. बादशहानं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो अगदी मरणाच्या बिछान्यावर. हिशेबी माणूस! हे मी वर्गात रंगवून सांगायचो आणि व्हरांड्यात साहेबाचे बूट वाजले की मुकाट्यानं सनावळ्यांवर यायचो.

ही हकिकत १९३३ सालची. विलायतेत गोलमेज परिषदा झाल्या होत्या, कौन्सिलात कुठल्या धर्माला किती जागा याचा घोळ चालला होता, आणि तेव्हापासून माणसांच्या आत्म्यांचा भाव एकदम वधारला होता. ज्याला त्याला डोकी हवी होती. माझं डोकं म्हातारं आणि टक्कल पडलेलं, पण तेही चालत होतं.

माझा जुना विद्यार्थी महिपत एका हिंदू सभेचा कार्यकर्ता होता. एका सकाळी तो आला. मी भात उपसत होतो. एकट्यासाठी भात शिजवताना अंदाज नेहमी चुकतो आणि रात्रीही तोच खावा लागतो.

"मास्तर, रविवारी आमचं सहभोजन आहे," तो म्हणाला. "सगळ्या जाती एका पंगतीला. तुम्ही या."

"मी ख्रिस्ती आहे रे बाबा."

"नुसतं जेवायला या. कोणी काही विचारणार नाही."

मी गेलो. धर्म नको होता, राजकारण नको होतं, मला माणसांत बसून जेवायचं होतं. तुळसा गेल्यापासून कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलो नव्हतो. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला भाट्याच्या खाडीवर होडी चालवणारा एक खारवी. तो माझ्या पत्रावळीकडे बघून म्हणाला, "मास्तरांनू, आमटी आनखी घेवा. लाजताव कशाला?" मी तीनदा आमटी घेतली. फार बरं वाटलं मला.

जिलबी वाढून झाल्यावर महिपत उभा राहिला. म्हणाला, "आज आपले गंगाराम मास्तर स्वगृही परत आले!" टाळ्या पडल्या. माझं तोंड जिलबीनं भरलेलं. गिळून बोलता आलं असतं. पण त्या खारव्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो हात तसाच राहावा असं मला वाटलं. मी दुसरी जिलबी उचलली.

बाप पेज प्यायला आणि ख्रिस्ती झाला, मी जिलबी खाल्ली आणि हिंदू झालो. आमच्याकडे धर्म डोक्यातून येतच नाही, तोंडावाटे येतो. आणि जन्मभर इतिहास शिकवलेल्या मला वाटलं होतं, की आपण नुसते जेवायला चाललो आहोत.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळक हरिश्चंद्र दारात उभे. वयानं माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. बराच वेळ छत्रीशी चाळा करत राहिले.

"मास्तर, आपल्या मंडळीतल्या यमुनाबाईंचं काही खरं नाही. आज-उद्या जातील," ते म्हणाले. "तुळसाबाईंच्या शेजारची जागा त्यांना द्यावी, असं वडीलमंडळी म्हणताहेत. तुम्ही तर आता तिकडचे."

"मी कुठेही गेलेलो नाही," मी म्हणालो.

"मग रविवारी मंडळीपुढे उभे राहा आणि सांगा, माझा प्रभूवर पूर्ण विश्वास आहे. एवढंच. साहेबही आमची डोकी मोजतोय, मास्तर. मी तरी काय करू?"

चिमूटभर धूप! फक्त विस्तव तेवढा दुसऱ्याचा. ज्यांच्या पूर्वजांनी तो टाकला नाही म्हणून प्राण दिले, तेच आता माझ्यापुढे धुपाटणं धरून उभे होते. मला हसू आलं, पण सांगायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी मी उभा राहिलो. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, माझा विश्वास आहे.

"मास्तर, जरा मोठ्यानं," पाळक हळूच म्हणाले. "मागच्या बाकांना ऐकू जायला हवं."

मी मोठ्यानं म्हणालो. वर्गात बोलायचो त्या आवाजात. बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी माझा हात हातात घेतला, यमुनाबाईंच्या मुलानं तर मला मिठी मारली. बाहेर रस्त्यावर महिपत दिसला. त्यानं मान फिरवली आणि पलीकडे निघून गेला.

मी तसाच मागे कबरस्तानात गेलो. तुळसाच्या कबरीशेजारी लाल माती मोकळी होती, माझी. जागा राहिली, हे मला तिला सांगायचं होतं. कशी राहिली, ते सांगायला तोंड उघडेना. संसारात तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं, की तुमचा विश्वास का नाही. रोज संध्याकाळी ती एकटीच प्रार्थना करायची आणि मी पलीकडे वाचत बसायचो. एकदा मीच तिला विचारलं होतं, तुला याचं वाईट वाटत नाही का? ती म्हणाली होती, "तुम्ही देवाशी खोटं बोलत नाही. मला तेवढं पुरे आहे."

उन्हं तापेपर्यंत मी तिथे उभा होतो. त्या मोकळ्या जागेवर बसायचं मला धाडस झालं नाही.