मागच्या सीटवरची बॅटरी

मी हिंदुरावांच्या बाईकची दुसरी बॅटरी बोलतेय. दुसरी म्हटलं की लोक पहिलीचीच चौकशी करतात. माझं कर्तृत्वही काही सांगत सुटावं असं नाही म्हणा.

मुळात मी रिक्षाची. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये प्रीतमच्या दुकानात धूळ खात होते. हिंदुराव बदलापुरात बाईकवरून जांभळं विकायचे आणि बायको गोजरबाई मागे बसून हाळी द्यायची. तिचा घसा धरायला लागला, म्हणून त्यांनी तिची हाळी मोबाईलमध्ये भरली आणि गाडीला भोंगा लावला. पण भोंग्याने बाईकची बॅटरी उतरायची आणि गाडी सुरूच व्हायची नाही.

"एक बड़ी डालूं, या दो?" ते दुकानात आले तेव्हा प्रीतमने विचारलं.

हिंदुरावांनी डोकं खाजवत दोन सांगितल्या. प्रीतमने आम्हा दोघींच्या मधे बटण बसवलं. "काका, गाडी खडी हो तो ये बंद रखना. नहीं तो दोनों साथ में बैठ जाएंगी."

माझा देह भक्कम, मागच्या सीटशिवाय कुठे मावेना. तिथे माझी पेटी बांधली आणि गोजरबाई घरी राहिली.

"माझ्या आवाजाला गाडीवर जागा आहे, मला नाही," ती म्हणाली. मला वाटलं, बढती म्हणतात ती हीच. मी अगदी ऐटीत बसले.

एका दुपारी शिरगावला हिंदुरावांनी झाडाखाली भाकरी सोडली. गिऱ्हाईक एकही नव्हतं, तरी भोंगा चालूच. 'जांभळं घ्याऽ, काळीभोर जांभळं!' तुकडा मोडत ते भोंग्याला म्हणाले, "चटणी झकास झालीय गं."

बटणाची आठवण कुणाला? आवाज तुटक झाला, मग थांबला. गाडीचा सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. आम्ही दोघी गार. ऊन सरकत गाडीवर आलं, पाटीतली जांभळं मऊ पडायला लागली. हिंदुरावांनी स्वतः हाळी द्यायला तोंड उघडलं, पण लाजेने आवाज फुटेना. शेवटी त्यांनी घरी फोन केला.

गोजरबाई रिक्षाने आली. "दोन-दोन बॅटऱ्या असून गाडी बंद?"

"जेवताना भोंगा लावला होता."

"गिऱ्हाईक होतं?"

"नव्हतं."

"मग कशाला?"

"एकट्याला करमत नाही."

तोंड फिरवून तिने बसक्या घशाने हाळी दिली, तशा गॅलऱ्यांतून बायका डोकावल्या. तासाभरात जांभळं संपली. थांबलेल्या रिक्षावाल्याने आपल्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी सुरू केली. रिक्षाची बॅटरी म्हणजे माझीच बहीण, पण तिने मला ओळख दाखवली नाही.

"आता एक ठेवायची की दोन, तुम्हीच ठरवा," गोजरबाई म्हणाली.

हिंदुरावांनी तिथेच माझी दोरी सोडली. मी रिक्षातून घरी आले, गोजरबाई मागच्या सीटवरून.

हल्ली मी ओट्याखाली असते. माझ्यावर चटणीची बरणी ठेवतात. गाडीला एकच बॅटरी आहे आणि ती रोज एका दमात सुरू होते. बायकोचा घसा धरला की हिंदुराव हाळी देतात, आणि मागून ती म्हणते, "अहो, जरा मोठ्याने!"

तुम्हीही दुसरी बॅटरी घ्यायला निघाला असाल तर जरूर घ्या. फक्त पेटी बांधण्याआधी मागे कोण बसतं ते विचारा. मी विचारलं नव्हतं.