माझ्या काठाखालची काळी रेघ

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. तुम्ही हसाल. सिमेंटचा जुना हौद, पंधरा वर्षांपूर्वी जिथे बांधला तिथेच उभा, आणि म्हणे स्वस्थ बसता येत नाही! पण पाणी असलं की माझ्या पोटात वळवळ चालते, आणि पाणी आटलं की पुढच्या पाण्याची धास्ती लागते.

मी तेगुसिगाल्पा शहराच्या टेकडीवरच्या वस्तीत राहतो. इथे नळाला नऊ-नऊ दिवस पाणी येत नाही. घर लहान असलं तरी चालतं, हौद मोठा लागतो. अबुंदियो गवंड्याने मला आपल्या लेकीच्या, दिल्सियाच्या लग्नात बांधलं. बाहेरून त्याने मला छान घोटलं, आतला गिलावा मात्र घाईघाईत खरबरीत राहिला. माझ्या कडेच्या पाटावर दिल्सियाने लोकांचे कपडे धुऊन संसार चालवला. "हौद असावा तर दिल्सियाच्या हौदासारखा," असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

पाणी तळाला गेलं की ती माझा तळ लख्ख घासायची. पण काठाखालची चार बोटं रुंद काळी रेघ तशीच ठेवायची. त्याला कारण शेजारच्या मेल्बाबाई.

"अगं, ती नको घासूस! त्या रेघेनंच पाणी गार राहतं. माझ्या आईच्या हौदालाही होती."

मेल्बाबाईंचा शब्द आमच्या गल्लीत कुणी खाली पडू देत नसे.

त्या रेघेतच डासिणी अंडी घालत. तिळाहून बारीक, काळी अंडी खरबरीत गिलाव्याला घट्ट चिकटत. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने कोरडी पडून राहतात. नळ आला, पाणी काठापर्यंत चढलं की पुन्हा अळ्यांची वळवळ सुरू. हे सगळं मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. जीव नुसता तळमळायचा.

एके सकाळी आरोग्य केंद्राचा नाऊन नावाचा कार्यकर्ता बॅटरी घेऊन आला आणि माझ्यात वाकून बघू लागला.

"दिल्सियाताई, डेंग्यूची साथ आहे. ब्लीचमध्ये साबणाची पूड कालवा आणि या रेघेला लेप द्या. दहा मिनिटांनी ब्रशने घासून काढा."

"आले बघा डासांचे जावई!" कुंपणापलीकडून मेल्बाबाई म्हणाल्या. "आमची पोरं याच पाण्यावर वाढली."

"आणि मी पाणी ओतून टाकू होय रे?" दिल्सिया चिडली. "नळ येणार गुरुवारी. तोवर कपडे काय तुझ्या घामात धुऊ?"

"ओतायचं नाही हो, नुसती भिंत..."

पण तिने चादर पाटावर आपटायला घेतली होती. त्या आवाजात त्याचं बोलणं विरून गेलं. मला इतका राग आला, की शक्य असतं तर तिथल्या तिथे तडकलो असतो.

गल्लीत कुणाला तरी ताप होता. माझ्यातून उडालेल्या डासिणी आधी त्याला चावल्या, आणि काही दिवसांनी दिल्सियाच्या सात वर्षांच्या मुलीला, करेलीला. त्याच्या रक्तातला डेंग्यूचा विषाणू तोवर त्यांच्या लाळेत उतरला होता. मी तो कधी पाहिला नाही, मी फक्त त्याचं वाहन पाळलं. करेली अंगणातल्या झुल्यात तापाने फणफणत पडली. चौथ्या दिवशी ताप उतरला.

"सुटलीस गं बाई!" मेल्बाबाई म्हणाल्या. "आता तिला राजम्याचं कढण पाज."

पण डेंग्यूचा खरा धोका ताप उतरल्यावरच असतो. दुपारी करेली पोट धरून विव्हळू लागली. एकामागून एक उलट्या झाल्या, मग हिरड्यांतून रक्त आलं. दिल्सियाने तिला उचललं आणि पायऱ्या उतरत दवाखान्याकडे धावत सुटली.

सहा दिवस घर बंद होतं. पोरगी जगली की गेली, मला कोण सांगणार? माझ्या पोटातली वळवळ मात्र थांबत नव्हती, आणि रोज नवे डास पंख वाळवून उडत होते. असले दिवस वैऱ्यालाही नकोत.

सातव्या दिवशी करेली आली. हाडांचा सापळा झाली होती, पण आपल्या पायांनी चालत आली. दिल्सियाने चपलाही काढल्या नाहीत. ब्लीच आणि साबणाचा लेप कालवला, हातानेच त्या रेघेवर थापला, थांबली, आणि मग ब्रशने खसाखसा घासत सुटली. बोटांची सालं निघाली. काम संपलं तेव्हा माझ्यात कमरेएवढं पाणी जसंच्या तसं होतं. एक बादलीसुद्धा ओतावी लागली नव्हती. ते बघून ती पाटाला टेकली आणि हमसून हमसून रडली.

पण उडालेले डास परत थोडेच येतात? दोन आठवड्यांनी मेल्बाबाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या.

"दिल्सिया, अंग मोडून आलंय गं. डोळ्यांमागं ठणकतंय."

"दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"अगं, आज नळ येणार, हौद भरून..."

"तुमचा हौद मी बघते!"

तिने त्यांना टॅक्सीत बसवून पाठवलं, ब्रश आणि ब्लीच उचललं आणि कुंपणापलीकडे गेली. तो खसाखसा आवाज मला संध्याकाळपर्यंत ऐकू येत होता.

मेल्बाबाई अजून आलेल्या नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरात ज्या कशात पाणी साठवत असाल, त्याची भिंत काठापर्यंत घासा. आणि स्वतःची घासून झाली की शेजारी हाक मारा. मला ती मारता आली नाही, तुम्हाला येते.