शांत दुपार

खिडकीजवळच्या खाटेवरच्या पेशंटला वॉर्डात सगळे मास्तरीणबाई म्हणत. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे इथेही कुणाचं चुकलेलं त्यांना खपत नसे. उशी वाकडी आहे, पाणी कोमट आहे, सलाइन फार सावकाश चाललंय. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते.

त्या दिवशी दुपारपाळीच्या सिस्टरकडे त्यांची देखरेख होती. सिस्टर या कामात मुरलेली. तिने रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. नाडी जरा जलद होती, पण दुखत असलं की होते तशी. हात मात्र गार आणि ओलसर लागला. आणि बाई काही बोलल्याच नाहीत. उशी सरकून पार कडेला गेली होती, तरी नाही.

सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरांना बोलवावं का? पण आदल्याच दिवशी तिने याच बाईंसाठी त्यांना हातातलं काम टाकून यायला लावलं होतं आणि निघालं काय, तर पोटात गॅस. डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. तेवढ्यात पलीकडे नवा पेशंट आला. तिने बाईंच्या पायांवर पांघरूण ओढलं, झोपा मावशी म्हणाली, आणि वळली. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. चहाच्या वेळी ती सोबतिणीला म्हणालीही, आज मास्तरीणबाईंनी आपल्याला सुट्टी दिलीय.

उन्हं कलल्यावर ती औषध द्यायला गेली, तेव्हा बाईंचे ओठ पांढरे पडले होते. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून मिटत होते. रक्तदाब पार खाली गेला होता. मग मात्र तिने डॉक्टरांसकट सगळ्यांना धावायला लावलं. पोटात आत रक्तस्राव होत होता. पुन्हा ऑपरेशन झालं, बाई वाचल्या, पण मूत्रपिंडांना मार बसला आणि डायलिसिस करावं लागलं.

डॉक्टरांनी सिस्टरचं कौतुक केलं. बाईंच्या लेकीने तर तिचे दोन्ही हात धरले, म्हणाली, तुम्ही होतात म्हणून आई आहे. सिस्टरला तिच्याकडे बघवेना.

शेवटी तिने इन्चार्ज सिस्टरला सगळं सांगितलं. त्या अनुभवी होत्या. म्हणाल्या, रक्तदाब ठीक होता, दुसरी कुणी असती तरी थांबलीच असती. पण जरा वेळाने त्याच उठल्या आणि म्हणाल्या, चल, मी येते बरोबर.

लेक अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती.

"ताई, मला दुपारीच शंका आली होती," सिस्टर म्हणाली. "त्यांचा हात गार लागला होता. मी डॉक्टरांना बोलावलं नाही."

लेकीला कळायला वेळ लागला. "म्हणजे तेव्हाच बोलावलं असतं, तर हे मशीन लागलं नसतं?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण बोलवायला हवं होतं."

"का नाही बोलावलंत?"

बोलणी खाल्ली होती, हे उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं. ते तिला स्वतःलाच क्षुल्लक वाटलं. तरी तिने ते सांगितलं. लेक उठून उभी राहिली आणि म्हणाली, आता माझ्या आईला तुम्ही हात लावू नका.

इन्चार्जबाईंनी सिस्टरला दुसऱ्या बाजूच्या खाटा दिल्या.

बाई अतिदक्षता विभागातून वॉर्डात परतल्यावर त्यांनीच तिला बोलावून घेतलं. आवाज खोल गेला होता.

"लेकीने सांगितलं मला. मी गप्प पडले होते, तेव्हा तुला बरं वाटलं ना गं?"

"हो, मावशी."

"मलाही वर्ग गप्प असला की बरं वाटायचं," बाई म्हणाल्या. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि सिस्टरनेही माफी मागितली नाही. मग त्यांनी पाठ अवघडलीय, कुशीवर वळव, असं सांगितलं.

सिस्टर त्यांना वळवत असताना लेक थर्मास घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने जा म्हटलं नाही, पण आतही आली नाही. सिस्टरने बाईंच्या पाठीशी घडी घातलेली चादर लावली, टाक्यांवर ताण येत नाही ना ते पाहिलं, आणि मान खाली घालून लेकीच्या शेजारून बाहेर गेली.